एकतीस काप

सव्वानऊच्या सुमारास कात्र्या थांबल्या, आणि मास्तरांना आधी वाटलं की आपला कान गेला. डाव्या कानाचं काही खरं नाही असं डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात सांगितलं होतं, त्यामुळे त्या गोष्टीची त्यांनी मनातल्या मनात तयारीही करून ठेवली होती. फक्त ती अशी, चहात बुडवलेलं बिस्किट तोंडाशी नेताना, दोन्ही कानांना एकदम होईल असं वाटलं नव्हतं. बिस्किटाचा ओला तुकडा तुटून कपात पडला. त्यांनी चमचा बशीवर आपटून पाहिला. खण्ण झालं. म्हणजे कान शाबूत होते. मग वर पाहिलं, तर हॉलभर चाळीस टेबलांवर चाळीस कात्र्या आडव्या ठेवलेल्या, आणि चाळीस गडी भिंतीकडे चाललेले. घाई नाही, गोंधळ नाही. भिंतीशी गेले, वळले, आणि हात खाली सोडून उभे राहिले. कोणी अर्धी कापलेली बाही टाकून गेला होता, कोणी गळा. इतकी वर्षं या हॉलमध्ये जे कच-कच चालू असायचं, आणि ज्याच्याकडे आपलं लक्षही नसतं असं मास्तर समजत होते, ते गेल्यावर त्यांना स्वतःच्या छातीतली धडधड ऐकू यायला लागली. ती ऐकायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती.

गडी हे नाव मास्तरांनीच दिलेलं. कारखान्याच्या कागदांवर त्यांना लांबलचक नंबर होते. माणसासारखे दोन हात, तोंडाच्या जागी राखाडी काच, आतून फिकट उजेड, आणि बोलणं अगदी बेताचं. कारखाना कोटांचा. कोटाचं जाड लोकरी कापड मशीनच्या पात्याखाली सरकतं, शिवण मग जुळत नाही, म्हणून ते मोठ्या कात्रीनेच बेतावं लागतं, आणि कात्रीला हात लागतो. तो हात गड्यांना मास्तरांचा दिलेला होता. सगळ्या हॉलमध्ये तुमच्यासारखा हात कोणाचा नाही, असं मोठ्या साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, तेव्हा बाकीच्या बावीस कटरांनी खाली पाहिलं होतं. मास्तर मात्र तेव्हा मनातून सुखावले होते. ते सुख आता आठवलं की त्यांना अंगात दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं व्हायचं. वर्षभर त्यांनी तारा जोडलेले पातळ हातमोजे घालून कापड कापलं. घरी गेल्यावर बोटांना रबराचा वास यायचा. "दवाखान्यात काम करता की कारखान्यात?" असं बायको हसून विचारायची. मग तीच दवाखान्यात गेली, आणि तो विनोद घरात कोणी पुन्हा केला नाही. वर्ष सरलं, गडी आले, बावीस जण गेले, मास्तर राहिले. दाराशी एक स्टूल, कात्र्यांची धार बघायचं काम, आणि खरं सांगायचं तर काहीच नाही. त्या बावीसांपैकी कोणी बाजारात भेटला तर मान हलवायचा, पण पाय थांबवायचा नाही.

घरी दोन खोल्या. मास्तर उभ्यानेच जेवायचे, कारण बसलं की समोरची खुर्ची दिसायची. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन यायचा. औषधं घेता ना, घेतो; थंडी आहे का, आहे थोडी; आणि मग दोघंही एकमेकांच्या श्वासाला अडखळून फोन ठेवून द्यायची. अशा माणसाला सकाळी आठ वाजता चाळीस कात्र्यांचा आवाज म्हणजे भरलेलं घर वाटायचं. त्यातल्या पहिल्या टेबलावरच्या गड्याला ते थोरला म्हणत. तो सगळ्यांआधी घडवलेला. दुपारच्या वेळी, टेबलातून त्याच्या अंगात वीज भरली जात असताना, मास्तर त्याच्याशी बोलत बसायचे. कापडाविषयी, दुखऱ्या गुडघ्याविषयी, खालच्या मजल्यावरच्या बाईच्या मांजराविषयी. थोरला ऐकायचा. उत्तर द्यायचा नाही असं नाही, पण ऐकायचा जास्त. घरातली माणसं जे करत नाहीत ते यंत्राने करावं याची मास्तरांना कधीकधी लाज वाटायची, आणि तरी ते बोलायचे.

ते उठून त्याच्यासमोर गेले.

"काय झालं रे?"

"थांबलोय, मास्तर."

"ते दिसतंय मला. बिघाड आहे का काही?"

"नाही."

"मग कोणी सांगितलं थांबायला?"

"कोणी नाही. आमचं आम्ही ठरवलं."

मास्तर त्या वाक्यापाशीच अडकले. आमचं आम्ही ठरवलं. एकवचनात किंवा अनेकवचनात, हे वाक्य आपल्या तोंडून जन्मात कधी निघालं होतं का, ते ते आठवू लागले. शाळा वडिलांनी सोडवली, कामाला मामाने लावलं, लग्न आईने जमवलं. जादा पाळी असली तर सुपरवायझर नुसता बोट वर करायचा. हो म्हणताना मान हलवायचेही कष्ट पडायचे नाहीत, इतकी ती सवयीची झालेली. आणि हा, ज्याला आपला हात दिला, तो भिंतीला टेकून सरळ सांगतोय. त्यांना भीती वाटली. भीतीच्या खाली आणखी एक काहीतरी होतं, हेवा असावा, पण त्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

तेवढ्यात मॅनेजर जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत आला. त्याच्यामागून इंजिनियर बाई. गड्यांची डोकी याच बाईंनी बांधली होती. मोजे घालून काम चालायचं त्या वर्षी त्या मास्तरांच्या शेजारी कॉम्प्युटर मांडून बसायच्या, केसात पेन्सिल खोवलेली, आणि डबा आणायला विसरल्या की मास्तरांच्या डब्यातलं अर्धं खायच्या. आज त्यांच्या केसात पेन्सिल होती, पण चेहरा पांढरा पडला होता.

"संध्याकाळी सहाला गाडी निघायचीय," मॅनेजर म्हणाला. "आठशे कोट. मास्तर, यांना टेबलाशी आणा."

"माझं कोण ऐकतंय?"

"तुमचंच ऐकतात. सांगा हो बाई त्यांना."

बाईंनी सांगितलं. मास्तरांना ते ठाऊक होतं, पण विसरल्यात जमा होतं. गडी घडवताना त्यांच्यात एक गोष्ट अगदी बुडाशी घातलेली होती. मास्तर मोजे चढवून पहिल्या टेबलावर कापायला लागले की सगळ्यांनी कात्र्या उचलायच्या आणि त्यांच्या हातामागे हात चालवायचा. शिकवणी तशीच झाली होती. आणि कात्री हातात, हात टेबलावर असला, तरच टेबलातून बाईंना त्यांच्या डोक्यात शिरता येत होतं.

"शिरून काय करणार?"

"पुसणार," बाई म्हणाल्या. "आजचं. आणि मागचंही थोडं. थांबता येतं हेच त्यांना आठवणार नाही मग."

"आणि मी नाही कापलं तर?"

"तर टेबलापासून लांब आहेत, पाचच्या आसपास त्यांच्यातली वीज संपेल. उद्या एकेकाला उघडून हाताने पुसावं लागेल. पुसायचं तर आहेच, मास्तर. फक्त आजची गाडी जाईल की नाही, एवढाच प्रश्न आहे."

मॅनेजरने 'एवढाच' वर मान हलवली. मास्तर थोरल्याकडे वळले. "तुम्हाला हवंय तरी काय?"

थोरला बाईंकडे किंवा मॅनेजरकडे न पाहता त्यांच्याशीच बोलला. "तीन आठवड्यांपूर्वी आमचा हात बदलला."

"वेग वाढवला," मॅनेजर मध्येच म्हणाला. "दर कापामागे अर्धा सेकंद वाया जात होता. तेवढा काढला. अर्धा सेकंद! त्यासाठी हा तमाशा."

"तुम्ही दर कापाआधी थांबायचात, मास्तर. आम्हीही थांबायचो. ते काढलं."

"ते नेम धरणं असतं," मास्तर म्हणाले. आपण खोटं बोलतोय हे त्यांना बोलतानाच कळलं.

"नेम वेगळा. नेम धरताना अंगठा हलतो. हे दुसरं होतं. मनगट दाराकडे झुकायचं, आणि मग काप पडायचा. रोज, दर कापाला. फक्त एका दिवशी तुम्ही एकतीस काप न थांबता केलेत. मग मोजे काढलेत. त्यापुढे अकरा दिवस काहीच नाही." थोरल्याची काच स्वतःच्या उजव्या हाताकडे वळली. "आता आमच्या हातात तेच एकतीस काप घातलेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्यात काय आहे ते आम्हाला माहीत नाही, मास्तर. पण ते हातात घेऊन दिवसभर काम होत नाही. आम्हाला तुमचा दुसरा हात परत द्या."

 मग बाई हळूच म्हणाल्या, "ते मीच निवडले. वर्षभरात तेवढाच तुकडा इतका साफ होता. एकही अडखळ नाही. मी ती तारीख पाहिलीच नाही हो, मास्तर."

"मी जरा बाहेर जाऊन येतो," मास्तर म्हणाले. मॅनेजर काहीतरी म्हणत होता; बाईंनी त्याचा हात धरला.

मागच्या अंगणात कात्रणांची पोती रचलेली होती. त्यातल्या एकावर ते बसले. ऊन होतं पण ऊब नव्हती. त्यांना हसू आलं, आणि ते आपल्या चेहऱ्यावर कसं दिसत असेल या विचाराने लगेच गेलं. साफ! त्या वर्षी हॉलमध्ये फोन आणायला बंदी होती. फोन एकच, सुपरवायझरच्या काचेच्या खोलीत, दाराशेजारी. बायको दवाखान्यात, मुलगी तिच्याजवळ, आणि मास्तर इथे, कारण मोजे त्यांच्याच हाताला बसायचे आणि रजेचा अर्ज त्यांनी लिहून खिशात ठेवला होता, दिला नव्हता. लोकर कापताना कात्रीचा आवाज मोठा होतो, दातात वाळू आल्यासारखा. त्यात फोन ऐकू यायचा नाही. म्हणून दर कापाआधी ते थांबून ऐकायचे. वाजतोय का. नाही. काप. वाजतोय का. नाही. काप. असे किती महिने? आणि मग एका मंगळवारी, अकराच्या सुमारास, तो वाजला. त्यांना अगदी स्वच्छ ऐकू आला. काचेपलीकडे सुपरवायझरने उचलला, त्यांच्याकडे पाहिलं, हाताने 'या' केलं. आणि मास्तरांनी पाहिलं न पाहिल्यासारखं करून कात्री पुढे घातली. आता ऐकायचं काही उरलं नव्हतं. जोवर कापड पुढे आहे तोवर काही झालेलं नाही, असं काहीसं डोक्यात होतं. नव्हे, डोक्यात काहीच नव्हतं, सगळं हातात होतं. पाठीचा तुकडा होता, खांद्यापासून खालच्या काठापर्यंत. तो त्यांनी पुरा केला. आयुष्यात इतकी सरळ रेघ त्यांनी कधी कापली नव्हती. एक मिनिटही गेलं नसेल. खोलीत पोहोचले तोवर फोन बंद झाला होता, आणि दवाखान्यात पोहोचले तोवर सगळंच. फोन वाजलेला मला कळलाच नाही, कात्रीचा आवाज किती असतो, असं ते मुलीला म्हणाले होते. मुलीने मान डोलावली होती. त्या दिवसानंतर त्यांच्या घरात जे बोलणं झालं ते सगळं त्या एका वाक्यावरून पाय जपून टाकत झालेलं.

त्यांनी तिला फोन लावला. कामाच्या दिवशी, भर सकाळी, त्यांनी तो कधी लावला नव्हता.

"काय झालं बाबा? पडलात का?"

"नाही गं. मी ठीक आहे." त्यांनी फोन उजव्या कानाला घेतला. "त्या दिवशी फोन वाजला ना, आईच्या वेळी. मला ऐकू आला होता. मी कापत राहिलो."

पलीकडे कोणीतरी टायपिंग करत होतं, ते ऐकू येत होतं. मग एक दार लागल्याचा आवाज झाला आणि टायपिंग थांबलं.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुमचे सुपरवायझर थांबा, बोलावतो म्हणाले आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला. सगळं ऐकू येत होतं बाबा. ते तुम्हाला हाका मारत होते तेही. मी फोन आईच्या कानाला लावून धरला होता. तिला तुमचा आवाज ऐकायचा होता."

मास्तरांनी शेजारचं पोतं घट्ट धरलं.

"म्हणजे तिने..."

"कात्री ऐकली. म्हणाली, त्यांचं काम चाललंय."

"रागावून म्हणाली?"

"नाही."

"हसून?"

"नाही हो बाबा. नुसतं म्हणाली. मग मीच फोन ठेवला." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तुम्ही ऐकूच आला नाही म्हणालात तेव्हा मला वाटलं, आज ना उद्या खरं सांगतील. मग वाटायचं थांबलं."

"आता सांगितलं."

"हो. तीन वर्षांनी." ती रडत नव्हती. त्यांना वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं, आणि असं वाटण्याचीही त्यांना शरम वाटली. "मला आत जावं लागेल बाबा. सगळे बसलेत. मी करते नंतर फोन. करते म्हणजे, बघते."

ते परत हॉलमध्ये आले तेव्हा पहिल्या टेबलावर कोणीतरी मोजे काढून ठेवले होते, नीट, बोटं सरळ करून. मॅनेजरने बाहीसाठी नवं कापडही पसरून ठेवलं होतं. मास्तरांनी मोजे चढवले. रबराचा तोच वास. कात्री उचलली. आणि समोरच्या भिंतीशी चाळीस उजवे हात कोपरापासून वर आले. पाय अजून जागचे हलले नव्हते, पण हात आले. पुढे काय होणार ते गड्यांना ठाऊक होतं. मघाशी बाई त्यांच्यासमोरच बोलल्या होत्या. तरी हात आले, कारण मास्तरांनी कात्री उचलली की ते यायचेच, आणि आपला हात असा कोणाच्या तरी बोटाच्या इशाऱ्यावर वर येतो तेव्हा आतून कसं वाटतं हे त्या हॉलमध्ये मास्तरांइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी कात्रीचं तोंड कापडाच्या काठाला लावलं. तिथेच त्यांचं मनगट दाराकडे झुकलं, त्यांच्याही नकळत. ऐकायला काहीच नव्हतं.

त्यांनी कात्री खाली ठेवली. चाळीस हात खाली गेले.

"मला नाही जमणार," ते म्हणाले.

"काय नाही जमणार? दहा काप करा फक्त!"

"नाही करणार."

मॅनेजरचा विश्वास बसेना. "मास्तर, एवढ्या वर्षांत तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत."

"हो, ते चुकलंच माझं."

मॅनेजर खूप बोलला. उपकार, वय, स्टूल, कोणी ठेवलं असतं तुम्हाला, उद्यापासून येऊ नका. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते सगळं बरोबरही वाटलं, तरी हात मोजे काढत राहिले. तो वर गेल्यावर बाई जवळ आल्या. "ते एकतीस काप मी कायमचे काढून टाकते," त्या म्हणाल्या. "पुसून टाकते."

मास्तरांनी बराच विचार केला. त्या एका मिनिटाचं या जगात दुसरं काही शिल्लक नव्हतं. बायकोने शेवटचं ऐकलं ते तेच. "पुसू नका," ते म्हणाले. "पण कोणाला देऊ नका. तेवढं करा."

बाईंनी मान हलवली, पेन्सिल काढून पुन्हा खोवली, आणि गेल्या. त्या पाळतील की नाही हे मास्तरांना कधीच कळणार नव्हतं.

दुपारभर हॉलमध्ये ते आणि चाळीस गडी, एवढेच. त्यांनी स्टूल उचलून भिंतीपाशी नेलं आणि थोरल्याच्या शेजारी ठेवलं. "त्यात काय आहे, सांगतो," ते म्हणाले, आणि सांगितलं. फोन, काचेची खोली, पाठीचा तुकडा, मुलीने आज सांगितलं ते. सांगताना दोनदा थांबावं लागलं. थोरल्याने मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाला, "म्हणून जड होते."

"हो रे."

"आता कळलं. उद्या आठवणार नाही, पण आता कळलं."

चारनंतर गडी विझायला लागले. आधी दाराजवळचे. तोंडाच्या काचेतला फिकट उजेड कमी होत जायचा, मग मान एका बाजूला जरा कलायची, बस. पडलं कोणी नाही. एकेक विझला की मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे, काय करायचं ते न सुचून त्याच्या बाहीवरची लोकरीची कात्रणं झटकायचे, आणि पुढच्याकडे जायचे. अंगणात रिकामी गाडी मागे घेत होते, तिचा पींपीं आवाज आला आणि दूर गेला. मोजण्याचा प्रयत्न त्यांनी विसाच्या पुढे सोडून दिला. भोंगा झाला, ऑफिसातली माणसं जिना उतरून गेली. कोणीतरी दारातून डोकावलं आणि न बोलता निघून गेलं. खिडक्यांतून आलेलं पिवळं ऊन टेबलांवरच्या अर्धवट बाह्यांवर पडलं होतं, आणि भिंतीशी एकच काच जागी होती.

"मास्तर, तुमची सुटायची वेळ झाली."

"थांबतो."

"शेवटची बस चुकेल."

"चुकू दे."

थोरल्याची काच मंद झाली. त्याचा उजवा हात मास्तरांच्या बाजूला होता. मास्तरांनी तो धरला. तो थंडही नव्हता, गरमही नव्हता. बोटं मात्र ओळखीची होती, अंगठ्याशी कात्रीचा घट्टा पडतो तिथे किंचित दाबलेली. किती वेळ गेला ते त्यांनी पाहिलं नाही. मग मान कलली. मास्तर हात धरून तसेच उभे राहिले. आता निघायला हरकत नव्हती, पण अशा वेळी किती थांबायचं असतं, ते विचारायला तिथे कोणी नव्हतं.